ज्याची गणती नाही त्याची गणती

हिस्लॉप कॉलेजाचे त्या वेळचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी २००१ साली नागपुरात झोपडपट्टीतील मुलांस भर पावसात फुटक्या बादलीने चेंडूसारखे खेळताना पाहिले. त्यांनी मुलांस चेंडू दिला, सामने भरविले. त्यांतूनच ‘स्लम सॉकर’ हे कार्य उभे राहिले.

ह्यापासून आम्ही काय शिकावे? ज्याची गावात कोणी गणती करीत नाही, त्याची संघात गणती होते. तो न आला तर खेळ अडतो. नियम सर्वांस सारखा, म्हणून हार सोसणे व राग आवरणे तो हळूहळू शिकतो. परंतु केवळ चेंडू पुरत नाही. नेमाने येणारा वडीलधारा मनुष्य पाहिजे.

लाखांदुराकडील बंधुभगिनींनो, धान निघाल्यावर बांध्या रिकाम्या होतात. तेथे मुलांस बोलवा, मुलींसही. आणि तुमच्यापैकी एकाने तरी रोज सायंकाळी त्यांच्याजवळ उभे राहावे.