दोन वाईटांतून निवडताना



आजचा पाठ घरात सगळ्यांनी मिळून वाचावा. ज्यांच्याकडे संत्र्याचा बगीचा आहे आणि ज्यांच्या घरी वयात आलेली मुलं आहेत, त्यांनी तर नक्कीच.

आपल्याला वाटतं की एकदा या मार्गाला लागलो म्हणजे समोर एक चांगलं आणि एक वाईट उभं राहील, आणि आपण चांगलं उचलू. संसारात असं क्वचितच होतं. पुष्कळदा समोरच्या सगळ्याच वाटा वाईट असतात आणि एक तर धरावीच लागते. अशा वेळी आपल्यापैकी काही जण "गुरुमाऊली पाहून घेतील" म्हणून बसून राहतात. ही श्रद्धा नव्हे, टाळाटाळ आहे. फळाची चिंता चरणी ठेवायची असते, हिशोब आपणच करायचा असतो.

*पहिली गोष्ट : कोणतं नुकसान भरून येतं?*

आपल्या पांढुर्णा-सौसर भागातला आंबिया बहार घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ दिवाळीच्या सुमारास तोडायला होतं. मधला सगळा उन्हाळा झाडाला पाणी लागतं. मे महिन्यात विहिरीनं तळ गाठला की तीन वाटा उरतात. एक, कर्ज काढून टँकर लावायचे. दोन, आहे तेच पाणी थोडं थोडं देत सगळंच जगवायचा प्रयत्न करायचा. तीन, हिरवी फळं उतरवून टाकायची, थोडी छाटणी करायची, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरायचा आणि फक्त झाड वाचवायचं.

दुसरी वाट मनाला बरी वाटते, कारण तिच्यात काही सोडावं लागत नाही. पण तीच जास्त धोक्याची. फळही गळतं आणि झाडही वाळतं. तिसऱ्या वाटेत वर्षाची कमाई हातची जाते, हाताएवढं दुःख होतं. पण गेलेला बहार पुढच्या वर्षी पुन्हा धरता येतो. गेलेल्या झाडाच्या जागी नवं लावलं तर ते नीट फळायला 5-6 वर्षं जातात. 20 बाय 20 फुटांवर लावलेल्या एका एकरात साधारण 108 झाडं असतात. एवढी झाडं वाळली तर किती वर्षांचं घर मागे जाईल, ते कागदावर मांडून पाहा.

टँकर नेहमीच चूक असं नाही. पाऊस तोंडावर असेल आणि खर्च झेपत असेल तर तीच वाट बरी. पण व्याजाचं ओझं हेसुद्धा लवकर न भरणारं नुकसान आहे, ते हिशोबात धरावं.

म्हणून नियम एवढाच : जे भरून येतं ते जाऊ द्यावं, जे भरून येत नाही ते राखावं. घरात आजारपण आलं आणि शेत गहाण टाकावं की दागिना मोडावा असा प्रश्न पडला, तरी हाच नियम लावता येतो. मात्र दागिना जिचा आहे तिला आधी विचारावं. दुसऱ्याच्या वाट्याचं नुकसान आपणच ठरवून टाकणं हा न्याय नव्हे.

*दुसरी गोष्ट : कमी वाईटाला चांगलं म्हणू नये*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आपण सगळे जाणतो. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो, आणि पांढुर्णा व सावरगाव दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी पुन्हा दगडच उचलले. मग उरली ती बंदोबस्ताची वाट : पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिका. 2023 मध्ये आपला जिल्हा छिंदवाड्यापासून वेगळा झाला, तरी ही वाट तीच राहिली.

घरातही तसंच असतं. मुलाला कोंडून ठेवलं तर तो मागच्या दारानं जातो. मोकळं सोडलं तर डोळा फुटून येण्याची भीती, आणि गेलेला डोळा परत येत नाही. बापानं किंवा काकानं सोबत जाणं, लांबून पाहणं, जखमींना उचलणाऱ्यांत त्याला उभं करणं, ही त्यातल्या त्यात बरी वाट. ती धरावी. पण "आपलं भागलं" म्हणून थांबू नये. रुग्णवाहिका उभी आहे म्हणजे दगड योग्य ठरत नाही. कमी वाईटाला आपण चांगलं म्हणू लागलो की पुढच्या वर्षी त्याहून बरी वाट शोधायचंच सोडून देतो. देवीवरची श्रद्धा आणि दगड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांशी वर्षभर बोलत राहावं लागेल, फक्त पोळ्याच्या आठवड्यात नाही.

*या आठवड्याचा अभ्यास*

1. घरात अडकून पडलेला एक निर्णय घ्या. त्याच्या सगळ्या वाटा कागदावर लिहा. "काहीच न करणं" हीही एक वाट म्हणून लिहा.
2. प्रत्येक वाटेपुढे लिहा : काय जाईल, कोणाचं जाईल, आणि ते परत यायला किती दिवस लागतील.
3. जी वाट धराल तिच्यात काय वाईट आहे ते एका ओळीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती ओळ घरच्यांसमोर पुन्हा वाचा.

रविवारच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर यावर बोलू. घरातल्या लहानांना आणि सुनांना आधी बोलू द्यावं, ही विनंती 🙏