हिंदी वक्तृत्व आणि आपली मराठी जीभ

१४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणून स्वीकारले. त्या तारखेच्या हिंदी दिनाला वक्तृत्व स्पर्धा असली की आपण मराठी विद्यार्थी हौसेने नावे देतो. लिपी एकच, मग अवघड ते काय, असे वाटते. माझ्या मते खरी अडचण या एका लिपीतच आहे. कागदावर 'जग' दोन्ही भाषांत सारखेच दिसते. पण आपला ज दातांजवळचा, हिंदीतला 'जय'मधल्यासारखा. 'ज्ञान' तिकडे 'ग्यान' होते. अर्थही फसवतात. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न आणि 'संसार' म्हणजे जग. लिंगाचे तर विचारूच नका! आपला विजय होतो, तिकडे 'हमारी विजय हुई'. 'मी पाहिले' म्हणताना आपल्याला 'ने' लागत नाही, हिंदीत मात्र 'मैंने देखा' असेच म्हणावे लागते.

म्हणून पाठांतराआधी कान तयार करावा. आकाशवाणीच्या हिंदी बातम्या ऐकाव्यात, ऐकलेले वाक्य लगेच मोठ्याने म्हणावे, आणि नवे नाम एकटे पाठ न करता क्रियापदासह पाठ करावे.

घरी हिंदी जाणणारे कोणी नसले तरी श्रोता मिळतो. माझ्या आईने शाळेची पायरी चढलेली नाही; पण बोलताना मला दम कोठे लागतो, आवाज कोठे पडतो, हे ती अचूक सांगते. उच्चार मात्र हिंदीच्या प्राध्यापकांकडूनच तपासून घ्यावेत, आणि तेही भाषण तोंडपाठ होण्यापूर्वी. नंतर जीभ ऐकत नाही.