वाईनचं द्राक्ष: रोपं घेण्याआधी वाचा
वाईनचं सुवासिक द्राक्ष आपल्याकडे होईल का, असे फोन बरेच आले.

नाशिककडे शेनिन ब्लां ही पांढरी जात आहे. वेल एकच, पण आंबटपणा असतानाच तोडली तर फेसाळ वाईन, पुरती पिकल्यावर कोरडी किंवा किंचित गोड, आणि वेलीवरच आणखी ठेवली तर चांगलीच गोड. म्हणून तोडणीचा दिवस वाईनरी ठरवते, मण्यातली साखर म्हणजे ब्रिक्स मोजून. मणी लहान, बियांचा. खायच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. वाईनरीनं नाकारलं तर माल आपल्याच अंगावर.

नागझिऱ्याभोवतीच्या आपल्या बांध्या पाणी धरायलाच केलेल्या. द्राक्षाच्या मुळाला साचलेलं पाणी चालत नाही, पावसात केवडा रोग येतो. मांडवाचा, ठिबकचा खर्च वेगळाच. धानाची बांधी मोडू नका, हे माझं स्पष्ट मत. हौसच असेल तर निचऱ्याच्या जागी चार वेल लावून बघा.

रोपंवाला "माल आम्हीच घेऊ" म्हणाला, तर वाईनरीचं नाव, भाव आणि किती ब्रिक्सला घेणार ते कागदावर मागा. कागदाचा फोटो मला पाठवा, पैसे त्यानंतर.