आंबट आधी, तेल मागून

पोरी, काल फोनवर तू विचारलंस की सॅलडवर घालायचं ते व्हिनेग्रेट घरी करायचं तर तेल किती आणि लिंबू किती. प्रमाण सांगतेच, पण नुसत्या प्रमाणानं तुझं भागणार नाही. फ्रेंच लोक एक भाग व्हिनेगरला तीन भाग तेल घेतात. आपल्याकडे पातेलंभर कोशिंबिरीला पळीभर फोडणी पुरते. दोघंही सुखानं जेवतात. बिघडतं ते क्रम चुकला की. म्हणून आधी क्रम पाठ कर: मीठ आंबटात, त्यात मोहरी, मग काकवी, आणि तेल सगळ्यात शेवटी, बारीक धारेनं.

मीठ तेलात विरघळत नाही, एवढं ध्यानात ठेवलंस तरी निम्मं जमलं. आधी तेल ओतून त्यावर मीठ टाकलंस तर ते तळाशी बसून राहतं. पहिला घास अळणी लागतो, मग ताटात वरून मीठ घेतलं जातं, आणि तळाचा घास खारट निघतो. तुझ्या बाबांच्या रक्तदाबाला ते वरचं मीठच नको आहे. लिंबाच्या रसात आधी विरघळवलं तर कमी मिठात सगळीकडे चव लागते.

आता प्रमाण. चौघांच्या सॅलडला पोह्याच्या चमच्यानं दोन चमचे लिंबाचा रस, चार चमचे तेल, चहाचा अर्धा चमचा मीठ, तेवढीच फेसलेली मोहरी, तेवढीच काकवी, दोन मिरे भरड कुटून. तिनास एक हे प्रमाण सौम्य तेलाचं आणि नुसत्या पानांचं. आपलं घाण्याचं तेल वासाला दांडगं, आणि सॅलडात तू गाजर-काकडी घालणार, म्हणून दोनास एक. कोबी किंवा मुळा असेल तर तेल आणखी कमी केलंस तरी चालेल. तेलाला भिऊ नकोस, पण विसरूही नकोस: चांगलं असलं तरी ते तेलच, एका ग्रॅमला नऊ कॅलरी. तेल अजिबात न घालणं मात्र शहाणपणाचं नाही. गाजरातलं, टोमॅटोतलं आणि पालेभाजीतलं रंगाचं सत्त्व तेलात विरघळतं. सोबत थोडी चरबी असली तरच ते नीट अंगी लागतं. कोरडं गाजर खाऊन पोट भरेल, पण गाजराचा खरा फायदा निम्मा वाया जाईल.

मोहरीवर जरा थांबते, कारण सगळं जुळवून आणते ती तीच. तेल आणि लिंबू कितीही घुसळलंस तरी घटकाभरात वेगळे होतात. मोहरी मध्ये आली की धरून राहतात. तिच्या टरफलातला बुळबुळीत अंश तेलाचे बारीक थेंब सुटे ठेवतो. फ्रेंच स्वयंपाकात त्यासाठी मोहरीची तयार पेस्ट वापरतात, ती बरणी आता पुण्यात कुठेही मिळते आणि महाग मिळते. आणू नकोस. तुझी आजी लोणच्याला मोहरी फेसायची ते तू पाहिलं आहेस. तेच कर. अख्खी मोहरी बारीक वाट, त्यात गार पाणी घाल आणि फेस येऊन नाकात झणका बसेपर्यंत घोट. गरम पाणी घालायचं नाही. तिखटपणा मोहरीत आयता नसतो. ती फुटून ओली झाली की तयार होतो, आणि उष्णतेनं ती क्रियाच मरते. लिंबूही लगेच पिळायचं नाही, आंबट पडलं की झणका वाढायचा थांबतो. घोटून दहा मिनिटं झाकून ठेव, आधी कडवट लागेल, मग चढेल. चढली की लिंबाचा रस घाल, म्हणजे आहे तिथेच टिकेल. सासूबाई याला मोहरीला दम देणं म्हणायच्या. का द्यायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांची मोहरी कधी कडू राहिली नाही.

आंबट कुठलं घ्यायचं? बारा महिने कागदी लिंबू. त्याच्या रसात पाच-सहा टक्के आम्ल असतं, व्हिनेगरमध्ये चार-पाच, म्हणजे लिंबूच जरा चढं. पिळण्याआधी सालीचा पिवळा भाग किसून घे, सुगंध तिथं असतो. पांढरा भाग कडू. उन्हाळ्यात लिंबाचा भाव डोक्याला लागतो, म्हणून थंडीत स्वस्त असताना रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेव. उन्हाळ्यात कैरीचा कीसही चालतो, मग रस घालायचा नाही. चिंचेचा कोळ घेतलास तर तो दाट असतो, तेल कमी लागतं आणि काकवी जरा जास्त. व्हिनेगर विकत घ्यायचंच असेल तर बाटलीवरची बारीक अक्षरं वाच. सिंथेटिक लिहिलं असेल तर ते ॲसिटिक आम्लात पाणी घालून केलेलं. त्यानं कुणी मरत नाही, पण त्याला चवही नसते. ऊस, सफरचंद किंवा द्राक्ष आंबवून केलेलं घे.

इथे आपल्या बारामती-इंदापूर भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी. थंडीत जिरायतातल्या हरभऱ्याच्या पाल्यावर आंब धरते. पूर्वी पहाटे रानात ओलं फडकं पिकावरून फिरवायचे, दवाबरोबर ते आंबट त्यात उतरायचं, मग पिळून बाटलीत ठेवायचे आणि पोटदुखीला थेंबभर द्यायचे. कालव्याचा ऊस आला नव्हता तेव्हा या कोरड्या रानांना व्हिनेगर तेवढंच. आता ते कुणी गोळा करत नाही, आणि फवारलेल्या पिकावरून तूही करू नकोस. पण कोवळा हरभऱ्याचा पाला सॅलडात घातलास तर लिंबू निम्मं कर, आंबटपणा पाल्यातच आहे.

दुसरी गोष्ट ताकीद म्हणून. इंदापूर तालुक्यातल्या बोरीकडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी होते आणि हिरव्या आंबट मण्यांचा ढीग पडतो. युरोपात अशा कच्च्या द्राक्षांचा रस जुन्या काळापासून स्वयंपाकात वापरतात, हे तू वाचशील आणि तुला वाटेल, फुकटचं मिळतंय. हात लावू नकोस. विरळणीच्या दिवसांत बागेवर संजीवकं आणि बुरशीनाशकं पडत असतात, आणि फवारणी ते तोडणी यातलं अंतर पिकलेल्या मालासाठी धरलेलं असतं, विरळणीत काढलेल्या मण्यांसाठी नाही. अंगणातल्या न फवारलेल्या वेलाचा एखादा घड असेल तर खुशाल पिळ.

डाळिंबाचंही ऐक. इंदापूरचा भगवा रंगाला देखणा, पण गोड. आंबट म्हणून त्याचा रस घेतलास तर सगळं गुळमट होईल. पुण्याच्या गणेशखिंडच्या बागेत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी 1936 साली निवडलेल्या गणेश जातीनं इथल्या बागा वाढवल्या, नंतर भगव्यानं जागा घेतली. दोन्ही आंबट नव्हेत. डाळिंबाचा रस काकवीच्या जागी घाल, आंबटाला लिंबू हवंच. दाणे वेगळे ठेव आणि ताटात वाढताना वरून टाक, आधी टाकलेस तर रंग सुटतो.

तेल घाण्याचं घे. शेंगदाण्याचं सगळ्यात सोयीचं. करडईचं मला जास्त आवडतं, पण ते लवकर खवट होतं, म्हणून अर्धा लिटरच्या वर आणायचं नाही आणि काचेच्या गडद बाटलीत, अंधारात ठेवायचं. ज्वारीच्या रानाला कडेनं करडईच्या ओळी असत, काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत. नीरा नदीपलीकडं फलटणला निंबकरांच्या शेती संशोधन संस्थेनं बिनकाट्याची करडईसुद्धा काढली. काढणी सोपी झाली, कुंपण गेलं. जवसाचं तेल घालायचं असेल तर चार चमच्यांत एकच जवसाचं, आणि ते कधी तापवायचं नाही. ऑलिव्ह तेल घरात असेल तर वापर, पण त्याच्यासाठी वेगळे पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

काकवी मात्र गुऱ्हाळावरची आण, फार घट्ट नको. मोहरीसारखीच तीही रसाला जरा दाटपणा देते. मध घातलास तरी चालेल, फक्त घरात वर्षाच्या आतलं मूल असेल तर त्याच्या तोंडी मध जाता कामा नये. बाजारातल्या बाटल्यांत साखर जास्त आणि दाटपणासाठी गोंद असतो. ते विष नाही. पण घरचं दहा मिनिटांत होतं, म्हणून विकतचं घ्यायला मला कारण दिसत नाही.

हे सगळं काचेच्या बरणीत कर. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट कळकतं. बरणीचं झाकण लोखंडी असेल तर आतून बटर पेपरचा तुकडा लाव, नाहीतर गंजेल. मीठ, रस, मोहरी, काकवी घालून आधी हलव, तेल थोडं घालून हलव, पुन्हा थोडं, पुन्हा हलव. सगळं तेल एकदम ओतलंस तर मोहरीलाही ते आवरत नाही. चव बोटाला लावून बघायची नाही; एक पान बुडवून खा. नुसती चाखलीस तर नेहमी तिखट-आंबट वाटते आणि तू तेल वाढवत बसशील.

आता पानं. धुतलेली पानं ओली राहिली तर बरणीतला रस त्यांच्यावर धरतच नाही, घरंगळून तळाशी जातो. मंडईचं माळवं मिठाच्या पाण्यात घालून ठेव, मग दोनदा साध्या पाण्यानं धू, आणि पातळ पंचात बांधून गॅलरीत गरागरा फिरव. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांग. वरून नुसतं तेल कधी टाकू नकोस. कोवळ्या पानाचा मेणचट थर तेल भेदतं आणि पान काळपट होऊन बसतं. रसात बांधलेलं तेल तसं लगेच करत नाही. तरी लिंबानं हिरवा रंग मळतोच, म्हणून ताटं वाढल्यावरच रस घाल. चौघांना दोन-तीन चमच्यांपासून सुरू कर आणि हातानं कालव. चमच्यानं पानं मोडतात. भांड्याच्या तळाशी रस साठला तर तो जास्त झाला.

काकडीचं वेगळं. चोचवून मीठ लावलंस की ती पाणी सोडते. ते पाणी पिळून घे आणि थालीपिठाच्या पिठात घाल. रसात आलं तर सगळं मिळमिळीत. टोमॅटोला मीठ लावून सुटलेलं पाणी मात्र आंबट असतं, ते रसात घे आणि तेवढं लिंबू कमी कर. बीट शेवटी, वेगळ्या भांड्यात कालवून. दाण्याचं कूट अगदी वाढताना, कारण ते रस पिऊन टाकतं.

आणि खरं सांगू का, तुझ्या या सॅलडापेक्षा घोळाणा मला केव्हाही वरचढ वाटतो. कोवळी मेथी बारीक चिरायची, कांदा, मीठ, लाल तिखट, दाण्याचं कूट, कच्चं तेल, लिंबू, हातानं घोळायचं. व्हिनेग्रेटमधलं आंबट, मीठ, तेल त्यात आहेच, फक्त बरणीत न हलवता थेट पानांवर. इथे मेथी मऊ पडली तर बिघडत नाही, उलट मुरते आणि कडूपणा जातो, म्हणून क्रमाचा एवढा जाच नाही. भाकरीबरोबर खाऊन बघ. हिवाळ्यात आलीस की कांद्याची पात आणि पाथरीचाही करू. बारामतीजवळ शारदानगरला ‘कृषिक’ हे शेतीचं प्रदर्शन बघायला येशील तेव्हा रंगीत ढोबळी मिरची, ब्रोकोली बघून तुला हुरूप येईल, पण पिशवी भरताना आधी मेथी घे.

टिकवायचं असेल तर लिंबाचं तीन-चार दिवस फ्रिजमध्ये, व्हिनेगरचं दोन आठवडे. थंडीत तेल गोठून ढगाळ दिसेल, बाहेर काढून थोड्या वेळानं हलव, पूर्ववत होतं. लसूण, कांदा, कोथिंबीर त्या त्या दिवशी घाल. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर कधीच ठेवायचा नाही. हवा नसलेल्या जागी वाढणारे जंतू त्यात विष करतात आणि ते वासावरून कळत नाही.

राहिला उपास. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून संसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, त्या दिवसांत घरात एकादशीचा बेत येतोच. तेव्हा मोहरी आणि हिंग चालत नाही. लिंबात मीठ आणि साखर विरघळव, तुपात जिरं आणि हिरवी मिरची तडतडवून पिळलेल्या काकडीवर घाल, कूट घाल, आणि मग लिंबू. जुळवायला मोहरी नसल्यानं हे बरणीत करून ठेवता येत नाही. जेवायला बसल्यावरच कर.