विसाचे बारा

"विसावरून बारावर आलात मॅडम, छान प्रगती आहे." डॉक्टरांनी मान वर न करता हे सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नणंदबाईंनी जिन्यातूनच फोन लावला, "दादा, वहिनी बरी झाली रे!"

घरी येऊन मी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या फॉर्मचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. झोप आणि भूक ३ वरून ० वर, थकवा १ वर. बेरीज उतरली ती मुख्यतः एवढ्यावरच. 'कशातच रस वाटत नाही' तिथे ३ चे ३ च. 'आपण घरच्यांना खाली बघायला लावलं' ही ओळ २ वरून ३ वर चढलेली. आणि शेवटची, मरणाच्या विचारांची ओळ: आधी ०, आता १. हा एक त्या बाराच्या बेरजेत बुडाला होता. ज्यांनी बेरीज केली, त्यांना तो दिसायला नको?

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्या ओळीवर बोट ठेवलं. गोळ्यांनी बऱ्याचदा झोप, भूक आधी सुधारते. मनाची उभारी मागून येते, रस तर कधी कधी सगळ्यांच्या शेवटी. मधल्या काळात अंगात ताकद येते, पण निराशा जागची हलत नाही, म्हणून तेव्हा जास्त लक्ष ठेवावं लागतं. अमेरिकेत नैराश्याच्या गोळ्यांवर २००४ पासून मुलांसाठी मरणाच्या विचारांबाबत ठळक इशारा आहे, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. मी चाळिशीतली, पण विचारपूस करायला वयाची अट कशाला?

माझं चक्र असं होतं: झोप नाही म्हणून थकवा, थकव्यानं कामं तुंबलेली, त्याची टोचणी, टोचणीनं पुन्हा झोप नाही. गोळीनं झोपेची गाठ सोडवली. टोचणीला मात्र घरच्यांनीच खतपाणी घातलं. "झोपतेस, जेवतेस, मग आता काय झालंय?" हे रोज ऐकून कोणाला अपराधी वाटणार नाही?

प्रत्येकाचं चक्र वेगळं. स्टार-डी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातल्या ३,७०३ रुग्णांची लक्षणं २०१५ मध्ये तपासली, तेव्हा त्यांचे १,०३० वेगवेगळे संच निघाले. म्हणून शेजारणीला काय लागू पडलं, ते मला ऐकवू नका.

फॉर्म भरलात की फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी "कुठली ओळ खाली आली, कुठली वर गेली?" असं थेट विचारा. नवव्या ओळीत शून्याखेरीज काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधी तेच सांगा. रस परतत नसेल तर तसं स्पष्ट बोला. डोस किंवा औषध बदलता येतं, सोबत समुपदेशन घेता येतं. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. त्यानंतरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवायला सांगतात. फिरायला जा, वेळेवर जेवा, हे सगळे सांगतातच, तेही करा. आणि सोबत येणाऱ्या माणसाला बजावून ठेवा, की बरं झाल्याची दवंडी पेशंटला विचारून पिटायची.

मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.