जुना प्लग फेकायच्या आधी

अगं, परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, सोमवारी पहाटे निपाणीहून निघालं की तवंदी घाटात स्कूटर झटके खाते, सपाटीला लागली की सरळ पळते. मला ते सहज वाटलं नाही. मागून ट्रकांची रांग आणि चढावर बंद पडलेली गाडी, या विचारानं झोप लागेना. म्हणून आज बैस जरा, प्लगचं नीट सांगते.

घाटातच का होतं ते आधी समजून घे. चढावर तू अ‍ॅक्सिलरेटर पिळतेस तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो. दाब वाढला की ठिणगीला दोन टोकांमधली फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. नवा प्लग ते सहज करतो. झिजून गॅप वाढलेला प्लग मात्र नेमका तिथं ठिणगी चुकवतो. पुढच्या सपाट रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. म्हणून कोणी 'पेट्रोलमध्ये कचरा असेल' म्हणालं तरी आधी प्लग काढून बघ. साधा निकेलचा प्लग दहा-बारा हजार किलोमीटर चालतो, तुझा त्याच्या पुढं गेलाय असं मला वाटतं. नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

दुकानात जाऊन 'स्कूटरचा प्लग द्या' एवढंच म्हणू नकोस. जुन्या प्लगवरचा नंबर दाखव. तो नंबर निपाणीतही तोच, चिकोडीतल्या कानडी दुकानातही तोच. समज, त्यावर एनजीके कंपनीचं सीपीआर७ईए-९ लिहिलंय. सी म्हणजे आटे १० मिलिमीटरचे. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. इलेक्ट्रॉनिक गाड्यांना तो हवाच, नाहीतर ठिणगीचा गोंगाट गाडीच्या कंट्रोल युनिटला त्रास देतो. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मिलिमीटर. मधला ७ सगळ्यात महत्त्वाचा, तो उष्णता सोसण्याचा नंबर. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर तापायला हवं, म्हणजे कार्बन आपोआप जळून जातो. साडेआठशेच्या वर गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलट. त्यामुळं 'त्याच नंबरचा दुसऱ्या कंपनीचा' असं कोणी हातात ठेवलं तर घेऊ नकोस, दुकानातला तुलना-तक्ता बघायला लाव.

आपले आप्पा अजून प्लगला 'मायको' म्हणतात ना? बंगळुरूची, १९५१ साली सुरू झालेली ती कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश. त्यांच्या मनात तोच प्लग पक्का बसलाय, आणि त्याला विरोध करायचं कारण नाही. फक्त नंबर बघून घ्या.

बदलताना इंजिन पूर्ण गार होऊ दे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना पाना लावला तर आटे निघून येतात. प्लग काढायच्या आधी भोवतालची माती फुंकून काढ, नाहीतर सगळी सिलिंडरमध्ये पडेल. नवा प्लग बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा त्याच्या डोक्यावर चढव आणि हातानंच फिरव. आटे वाकडे धरले तर नळी घसरते, जोर बसतच नाही. हाताला घट्ट लागला की मग पाना घे, नव्या वायसरला अर्धा फेरा पुरे. पान्याला पाइप जोडून आवळणारे लोक मला बघवत नाहीत. आटे गेले तर हेड खोलून बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडं न्यायची वेळ येते. आणि ठिणगी येते का बघायला प्लग उघड्यावर धरून सेल्फ मारतात, ते तू करू नकोस. पेट्रोलची वाफ असते गं तिथं.

आता खरं सांगायचं ते हे. काढलेला प्लग फेकू नकोस. डॉक्टर आधी जीभ बघतात, तसा इंजिनचा प्लग बघायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत आहे. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा पेट्रोल जास्त जातंय. नवा प्लगही महिन्यात तसाच होईल, आधी फिल्टर बघ. ओलसर, तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल वर येतंय, मेकॅनिकला दाखवच. पांढरा, फोड आल्यासारखा दिसला तर टोक फार तापतंय, गाडी चालवूच नकोस. हे वाचता येऊ लागलं की मेकॅनिक काय सांगतोय ते खरं की नुसतं बोलायचं, हे तुलाच कळेल.

आप्पांच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचा प्लग मला न बघताही माहीत आहे, तेलकट काळाच असणार. ते टू-स्ट्रोकचं ऑइल बाटलीच्या झाकणानं मोजतात आणि वर 'असू दे जरा' म्हणून ओततात. पंपावर किंवा पुस्तिकेत प्रमाण छापलेलं असतं, तेवढंच घाला म्हणावं. त्याचा प्लग आखूड आट्यांचा आणि जाड. तुझा १६ चा पाना त्याला बसणार नाही, बहुधा १९ चा लागेल. दुसऱ्या कुठल्या गाडीचा लांब आट्यांचा प्लग त्यात बसवायचा खटाटोप कुणी केला तर थांबव. आटे लांब असले तर टोक थेट पिस्टनवर आपटतं. फवारणी संपली की टाकी रिकामी करून ठेवा, उरलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं आणि पुढच्या हंगामात दोष प्लगला येतो.

डिकीत एक नवा प्लग आणि पाना ठेव, डबीसकट, म्हणजे प्लगची चिनी माती तडकणार नाही. शनिवारी घरी आलीस की दोन्ही प्लग काढ आणि उजेडात फोटो काढून मला पाठव. रात्री कितीही वाजले तरी चालेल, मी बघून सांगते.