व्हीआर हेडसेट: डब्यावरची किंमत आणि खरा खर्च

‘ऑक्युलस रिफ्ट’ या व्हर्च्युअल रिअॅलिटी (व्हीआर) हेडसेटची किंमत जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाली, ५९९ डॉलर. त्याआधी ३५० डॉलरच्या आसपासचे आकडे कानावर पडलेले ग्राहक भडकले. किमतीची नीट कल्पना आपण दिली नाही, हे ऑक्युलसचे संस्थापक पामर लकी यांना जाहीरपणे मान्य करावं लागलं. पण खिशाला बसणारा मोठा फटका या ५९९ डॉलरांचा नव्हताच. हेडसेट चालवायला लागणारा कॉम्प्युटर त्याहून महाग होता, आणि तो डब्यात नव्हता.

आज हेच पहिल्या पिढीतले हेडसेट जुन्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात दिसतात, किंवा परदेशातून येणारे नातेवाईक ‘आमच्याकडे पडून आहे, घेऊन येऊ का?’ असं विचारतात. हो म्हणण्यापूर्वी पूर्ण हिशेब मांडायला हवा. कोरा हेडसेट घेणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल, कारण खर्चाचे रकाने तेच आहेत.

पैसे कशासाठी मोजायचे?

लोक याच्यासाठी वेडे का झाले, ते आधी समजून घेऊ. घरोघरी व्हीआर आणण्याचा मोठा प्रयत्न निन्तेंदोने १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’च्या रूपात केला होता. किंमत सुमारे १८० डॉलर, चित्र फक्त लाल रंगात, यंत्र टेबलावर स्टँडवर ठेवलेलं. वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्युलसने किकस्टार्टरवर लोकांकडून सुमारे २४ लाख डॉलर उभे केले, मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी दोन अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला, आणि २०१६ मध्ये रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि प्लेस्टेशन व्हीआर एकामागोमाग बाजारात आले.

या वेळी तंत्र खरोखर पुढे गेलं होतं. मान वळली की समोरचं दृश्य लगेच वळायला हवं. हा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर मेंदू त्या जागेवर विश्वास ठेवतो. रिफ्ट आणि व्हाइव्ह प्रत्येक डोळ्याला १०८० बाय १२०० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला ९० वेळा दाखवत. डोकं नुसतं वळलं नाही, तर पुढे झुकलं, खाली वाकलं, तरी यंत्राला कळे. म्हणून टेबलाखाली डोकावता येई. ‘टिल्ट ब्रश’मध्ये हवेत चित्र काढून त्याभोवती फेरी मारता येई. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या ‘गूगल अर्थ व्हीआर’मध्ये डोंगररांगांवरून उडता येई, तेही फुकट. हा अनुभव टीव्हीच्या पडद्यावर मिळत नाही. पैसे मोजायचे ते यासाठी.

तेव्हाचं पूर्ण बिल

२०१६ मध्ये डॉलर साधारण ६६–६७ रुपयांना होता. अमेरिकेतल्या किमतींवरून तीन यंत्रांचं बिल असं होतं:

- ऑक्युलस रिफ्ट (मार्च २०१६): हेडसेट ५९९ डॉलर. हातात धरायचे ‘टच’ कंट्रोलर डिसेंबर २०१६ मध्ये वेगळे आले, १९९ डॉलरना. कॉम्प्युटरला जीटीएक्स ९७० दर्जाचं ग्राफिक्स कार्ड, आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम हवी. हेडसेट आणि कॉम्प्युटर एकत्र देणाऱ्या योजना १,४९९ डॉलरपासून सुरू होत. टच धरून बेरीज सुमारे १,७०० डॉलर, म्हणजे १ लाख १३ हजार रुपयांच्या आसपास.
- एचटीसी व्हाइव्ह (एप्रिल २०१६): ७९९ डॉलर. यात दोन कंट्रोलर आणि भिंतीवर लावायची दोन बेस स्टेशन्स आली. कॉम्प्युटर तेवढाच ताकदीचा हवा, त्यामुळे एकूण बेरीजही जवळपास तेवढीच.
- प्लेस्टेशन व्हीआर (ऑक्टोबर २०१६): ३९९ डॉलर. पण कॅमेऱ्याशिवाय तो चालत नाही, कॅमेऱ्याचे ६० डॉलर. दोन ‘मूव्ह’ कंट्रोलरचे १०० डॉलर. सगळं एकत्र घेतलं तर ४९९ डॉलरचा संच होता, म्हणजे ६० डॉलर वाचत. प्लेस्टेशन ४ घरात नसेल, तर त्याचे आणखी ३०० डॉलर. एकूण ८०० डॉलर, म्हणजे ५३ हजार रुपयांच्या आसपास.

डब्यावरची किंमत आणि एकूण बेरीज यांत दुपटीचा, कधी जवळपास तिपटीचा फरक पडतो. त्यात घाई करणाऱ्याने आणखी जास्त मोजले: २०१७ च्या उन्हाळ्यात रिफ्ट आणि टच मिळून ३९९ डॉलरना मिळू लागले. आधी ७९८ डॉलर देणाऱ्याचे निम्मे पैसे दीड वर्षाच्या आत गेले.

स्वस्त पर्याय मोबाइलवर चालणारे. गूगलचा पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ जून २०१४ मध्ये आला. तो अगदी थोड्या पैशांत मिळे, घरीही बनवता येई. सॅमसंगचा ‘गिअर व्हीआर’ अमेरिकेत ९९ डॉलरना, भारतात ८,२०० रुपयांना होता. पण तो सॅमसंगच्या मोजक्या महागड्या फोनवरच चाले. कार्डबोर्डसाठी फोनमध्ये जायरोस्कोप हवा, आणि त्या काळच्या अनेक स्वस्त फोनमध्ये तो नव्हता. शिवाय या दोन्हींत मान वळवता येते, पुढे झुकता येत नाही. झुकलात तर सगळं जगच तुमच्याबरोबर पुढे सरकतं आणि डोकं गरगरतं.

भारतात आल्यावर

व्हाइव्ह २०१७ मध्ये भारतात अधिकृतपणे आला, ९२,९९० रुपयांना. अमेरिकेतली किंमत तेव्हाच्या दराने ५२ हजारांच्या घरात होती. म्हणून अनेकांनी बाहेरून मागवण्याची वाट धरली. त्या वाटेवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुरिअरने मागवलेल्या मालावर सीमाशुल्क भरावं लागतं, ते आधी विचारून घ्या. आणि वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात खरेदी केली तिथेच चालते. कंट्रोलर बिघडला तर तो परत अमेरिकेला पाठवण्याचा खर्च तुमचाच.

विजेचं बिल मात्र घाबरवणारं नाही. कॉम्प्युटर आणि हेडसेट मिळून ३०० वॉट धरले, रोज एक तास वापर धरला, तर महिन्याला नऊ युनिट होतात. दहा रुपये युनिटने नव्वद रुपये.

जागेचा हिशेब

चालत-फिरत व्हाइव्ह वापरायचा, तर किमान २ मीटर बाय १.५ मीटर, म्हणजे साडेसहा फूट बाय पाच फूट मोकळी जमीन लागते. सोफा, टीपॉय, दिवाण वगळून. वन बीएचकेच्या हॉलमध्ये एवढी जागा करायची, तर रोज सामान सरकवावं लागतं, आणि काही दिवसांनी त्याचाच कंटाळा येऊन हेडसेट कपाटात जातो. घेण्यापूर्वी जमिनीवर खडूने चौकोन आखा आणि आठवडाभर तो मोकळा राहतो का ते पाहा.

आपल्या घरांत आणखी तीन अडचणी येतात. एक, पंखा. कंट्रोलर धरलेला हात वर गेला की कमी उंचीच्या छतावरचं पातं लागू शकतं, आणि पंखा बंद केला तर घामाने भिंगांवर वाफ धरते. खेळण्याच्या चौकोनावर पंखा येणार नाही अशी जागा निवडा, किंवा टेबल फॅन लावा. दोन, आरसे आणि काचेचं शोकेस. व्हाइव्हची बेस स्टेशन्स खोलीत लेझर फिरवतात, तो काचेवरून परतला की चित्र थरथरतं. काचेवर चादर टाका. तीन, प्लग पॉइंट. दोन्ही बेस स्टेशन्स समोरासमोरच्या कोपऱ्यांत, दोन मीटरपेक्षा उंच लावायची आणि दोघांना वेगळी वीज द्यायची. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी आहे का, तेही पाहा.

शरीराला काय सोसावं लागतं

डोळे सांगतात ‘तू पळतो आहेस’ आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘तू उभा आहेस’. या विसंवादातून मळमळ, घाम, डोकेदुखी सुरू होते. सवयीने जाईल म्हणून रेटत राहू नका, त्रास वाढतो. पहिली चाहूल लागताच हेडसेट काढा. जागेवर उभं राहून खेळायचे किंवा एका जागेवरून दुसरीकडे थेट जाण्याची सोय असलेले खेळ आधी निवडा. गाड्या, विमानं, रोलर कोस्टर नंतर. ऑक्युलसच्या दुकानात प्रत्येक खेळावर तो किती सोसवेल याची खूण असे, ती बघूनच खरेदी करावी. डोकं गरगरत असेल तर तो त्रास पूर्ण जाईपर्यंत स्कूटर, मोटार चालवू नका.

ऑक्युलसच्या सूचनापत्रात दर अर्ध्या तासाने १० ते १५ मिनिटं विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. रिफ्ट १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नव्हता, प्लेस्टेशन व्हीआरची मर्यादा १२ वर्षांची होती. ‘पाच मिनिटं बघू दे’ म्हणत लहान मुलाच्या डोक्यावर चढवू नका, हेडसेटची भिंगं मोठ्यांच्या डोळ्यांमधल्या अंतरासाठी बनवलेली असतात. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये.

चित्राच्या स्पष्टतेबद्दलही अपेक्षा आवरा. पहिल्या पिढीत ठिपक्यांमधली जाळी स्पष्ट दिसते, जणू मच्छरदाणीतून बघावं. बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे ऑफिसच्या कामासाठी हे हेडसेट निरुपयोगी आहेत. चष्मा असेल तर तो रिफ्टमध्ये जेमतेम मावतो आणि भिंगावर घासतो. जाड फ्रेमचा चष्मा असेल, तर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कंपनीने हात काढून घेतला की

जुन्या हेडसेटचा सर्वांत मोठा धोका हा. यंत्र ठणठणीत असतं, पण ते चालवणारं सॉफ्टवेअर बंद होतं. गूगलने ‘डेड्रीम व्ह्यू’ नोव्हेंबर २०१६ मध्ये आणला आणि २०१९ मध्ये विकणं थांबवलं. सॅमसंगने आपली व्हीआर सेवा सप्टेंबर २०२० मध्ये बंद केली. ‘विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी’चे हेडसेट २०१७ मध्ये एसर, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग अशा नामांकित कंपन्यांनी बनवले. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने ते चालवणारं सॉफ्टवेअरच काढून टाकलं. चांगल्या कंपनीचं नाव डब्यावर आहे म्हणून यंत्र चालत राहील, असं समजू नका.

खेळांचंही तसंच. विकत घेतलेले खेळ खात्याला जोडलेले असतात, हेडसेटला नाहीत. विकणारा ‘पन्नास गेम्स आहेत’ म्हणाला, तरी ते त्याच्या खात्यात राहतात. प्लेस्टेशन व्हीआरचे खेळ २०२३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन व्हीआर २ वर चालत नाहीत.

जुना घेताना हे तपासा

- चालू करून पूर्ण पांढरं चित्र लावा. डाग किंवा रेघा दिसल्या तर सोडून द्या. ऊन भिंगातून आत शिरलं की पडदा जळतो, आणि त्यावर इलाज नाही. घरी आणल्यावरही खिडकीजवळ ठेवू नका.
- केबल सगळीकडून हलकेच वाकवून पाहा. चित्र गेलं-आलं तर घेऊ नका. रिफ्टची केबल खास बनावटीची आहे, बाजारात सहज मिळत नाही.
- सेन्सर, बेस स्टेशन, कंट्रोलर, अॅडॉप्टर यांची यादी करून मोजून घ्या. प्लेस्टेशन व्हीआरचा छोटा प्रोसेसर डबा नसेल, तर हेडसेट चालणारच नाही.
- आपल्या कॉम्प्युटरवर जोडून पाहा. टचसह रिफ्टला ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय आणि तीन यूएसबी पोर्ट, शक्यतो ३.०, लागतात. कमी पोर्टच्या लॅपटॉपवर अडकायला होतं.
- विकणाऱ्याने आपलं खातं काढलं आहे ना, ते त्याच्यासमोरच पाहून घ्या.
- फोमचं आवरण नवं घ्या. दुसऱ्याचा घाम शोषलेल्या फोमने त्वचा चिडते. २०२१ मध्ये ‘क्वेस्ट २’ या हेडसेटच्या नव्याकोऱ्या फोमनेही लोकांच्या चेहऱ्यावर पुरळ आलं आणि कंपनीला सिलिकॉनचं आवरण फुकट द्यावं लागलं.
- पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

मग घ्यायचा की नाही?

गेमिंग कॉम्प्युटर आधीच घरात असेल, मोकळी जागा असेल आणि संच पूर्ण मिळत असेल, तर जुना व्हाइव्ह किंवा रिफ्ट अजूनही आनंद देतो. प्लेस्टेशन ४ असणाऱ्यासाठी जुना प्लेस्टेशन व्हीआर हा सर्वांत सोपा सौदा आहे. नुसती चव घ्यायची असेल, तर कार्डबोर्डवर थोडे पैसे घालून थांबा. गिअर व्हीआर, डेड्रीम आणि विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीचे हेडसेट फुकट मिळाले तरच घ्या, पैसे देऊन नको. आणि केवळ व्हीआरसाठी नवा कॉम्प्युटर घेण्याचा विचार असेल, तर तो सोडा. मे २०१९ मध्ये ३९९ डॉलरना आलेल्या ‘क्वेस्ट’सारखे कॉम्प्युटरशिवाय चालणारे हेडसेट मिळतात, तोच पैसा तिकडे लावा.

कुठलाही हेडसेट घेण्यापूर्वी मित्राकडे किंवा मॉलमधल्या व्हीआर झोनमध्ये किमान वीस मिनिटं लावून पाहा. मळमळ झाली, चष्मा अडला, मान दुखली, तर हा त्रास कितीही सवलत मिळाली तरी टळणार नाही. तंत्र खरंच अद्भुत आहे. ते घरात वापरात राहावं असं वाटत असेल, तर कॉम्प्युटर, जागा, शरीर आणि कंपनीचा आधार हे चारही रकाने कागदावर मांडा, आणि बेरीज झेपत असेल तरच पैसे द्या.